पिवळा दिवा लागल्यावर

वेल्डिंग मशीन बंद पडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्ड गेलं का? मशीन उघडलेलं नसतं, मीटर लावलेला नसतो, मशीनपर्यंत लाईट पोचते आहे का हेसुद्धा कोणी बघितलेलं नसतं. तरी कार्ड गेल्याचा निकाल लागून मोकळा. मग मशीन टेम्पोत चढतं, तालुक्याला किंवा शहरात जातं, चार दिवस काम अडतं. तिथे बऱ्याचदा निघतं काय, तर प्लगमधली वायर जळून नुसती टेकलेली, किंवा अर्थ क्लॅम्पची स्प्रिंग मेलेली. कार्ड ठणठणीत असतं.

हे पुस्तक लिहिण्याचं कारण हेच. मशीन बंद पडताना काहीतरी सांगत असतं. कधी आकडा दाखवतं, कधी नुसता पिवळा दिवा लावतं, कधी पंखा फिरवत गप्प उभं राहतं. ते वाचायला शिकायचं आणि त्यावरून मोजत मोजत बिघाडाच्या जागेपर्यंत जायचं. अंदाजाने पार्ट बदलत जाण्याची जी पद्धत आपल्या धंद्यात रुळली आहे, तिच्या मी विरोधात आहे, आणि ते पानोपानी दिसेल.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये अशी शोधाशोध फारशी नव्हती. तेलाच्या टाकीत बसवलेलं वाइंडिंग, करंट कमी-जास्त करायचं चाक आणि दोन केबली. वजन शंभर किलोच्या पुढे, पण बिघडण्यासारखं आत होतंच काय? वाइंडिंग जळलं तर वास यायचा आणि मशीन रिवाइंडिंगवाल्याकडे जायचं. शेडच्या कोपऱ्यात वीस-वीस वर्षं उभी असलेली अशी मशीनं आजही दिसतात. ती वीज भरपूर खातात, पण व्होल्टेज घसरलं तरी कुरकुर न करता चालतात.

इन्व्हर्टरने हे चित्र बदललं. फिनलंडच्या केम्पी कंपनीने १९७७ साली 'हिलार्क २५०' बाजारात आणलं. वेल्डिंगचं पहिलं इन्व्हर्टर मशीन म्हणून ते ओळखलं जातं. त्यानंतर काही वर्षांतच आयजीबीटी, म्हणजे वीज झपाट्याने तोडणारा-जोडणारा सिलिकॉनचा स्विच, आला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या जयंत बालिगा यांनी १९८०च्या सुमारास तो घडवला. मद्रास आयआयटीतून शिकून गेलेला हा माणूस. २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आज ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारा, शटर-ग्रिलवाला, साखर कारखान्याच्या ऑफ सीझनमध्ये पाइपलाइनवर चढणारा, बहुतेक जण आयजीबीटीवरच वेल्डिंग करतात. खांद्याला अडकवून पत्र्यावर नेता येईल एवढं मशीन झालं. पण जिथे पूर्वी तांबं आणि लोखंड होतं, तिथे आता सिलिकॉन आलं, आणि सिलिकॉनला चूक माफ नसते.

इन्व्हर्टर आत करतो काय, ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी याच वाटेने होते. सॉकेटमधून २३० व्होल्टचा एसी येतो. ब्रिज त्याचा डीसी करतो आणि मोठे कपॅसिटर, ज्यांना दुकानात सगळे कंडेन्सरच म्हणतात, तो साठवून धरतात. इथे व्होल्टेज २३० राहत नाही. ते एसीच्या शिखराला जाऊन बसतं, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. तीन फेजच्या ४१५ व्होल्टच्या मशीनमध्ये तेच ५८५च्या आसपास जातं. हा डीसी आयजीबीटी किंवा मॉस्फेट सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा तोडतात-जोडतात. वारंवारता एवढी वाढवली की ट्रान्सफॉर्मर छोटासा फेराइटचा पुरतो. मशीन हलकं झालं ते यामुळे. पुढे जलद डायोड, मग चोक, मग होल्डरची केबल. बाहेर जाणारा करंट हॉल सेन्सर किंवा शंट मोजतो आणि कार्डाला कळवतो. कार्ड त्यावरून आयजीबीटी किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवतं.

यात एक छोटा पार्ट आहे, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मशीन चालू केल्याक्षणी रिकामे कपॅसिटर भरायला करंटचा लोंढा आत येतो. तो रोखायला एक रेझिस्टर किंवा एनटीसी बसवलेला असतो, आणि कपॅसिटर भरले की एक रिले त्याला वाटेतून बाजूला काढतो; यालाच सॉफ्ट स्टार्ट म्हणतात. स्विच टाकल्यावर क्षणभराने आतून 'टक्' असा आवाज येतो, तो बहुतेक मशीनमध्ये या रिलेचा. तो आवाज कानात बसवून घ्या. टक् झालंच नाही आणि तरीही कोणी रॉड टेकवला, तर सगळा भार त्या बिचाऱ्या रेझिस्टरवर पडतो आणि तो जळतो. उलट रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले असतील तर स्विच टाकताच एमसीबी पडते, कारण लोंढा अडवणारं कोणी उरलेलंच नसतं. अशा वेळी 'आत शॉर्ट आहे' म्हणून ब्रिज बदलणारे मी पुष्कळ पाहिलेत. ब्रिज बदलतात, एमसीबी पुन्हा पडते.

आता कोडकडे येऊ. लिंकन इलेक्ट्रिकच्या बऱ्याच मशीनवर ३६ म्हणजे तापमान, ३१ म्हणजे प्रायमरी बाजूला प्रमाणाबाहेर करंट, ८१ आणि ८२ म्हणजे वायर ओढणाऱ्या मोटरवर जादा भार. फ्रोनियसच्या ट्रान्ससिनर्जिक मालिकेत ५१ आला तर मेनचं व्होल्टेज कमी आणि ५२ आला तर जास्त. प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. एकीचा चार नंबर दुसरीकडे भलताच निघतो. आणि आपल्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या स्वस्त मशीनवर आकडाच नसतो. एक पिवळा दिवा, शेजारी 'ओसी' असं लिहिलेलं. तो मशीन तापलं तरी लागतो, करंट जादा झाला तरी लागतो, आणि काही मशीनमध्ये व्होल्टेज घसरलं तरीही लागतो.

पण आकडा असो की दिवा, त्यामागची गोष्ट एकच असते. कार्डाला कुठल्या तरी सेन्सरकडून नको ते माप मिळालं आणि त्याने काम थांबवलं. कोडमधून कळतं ते एवढंच. ते माप तसं का आलं हे मशीनला ठाऊक नसतं. मोटरवरच्या जादा भाराचं उदाहरण घ्या. कोड आला म्हणून मोटर बदलायची घाई होते. मोटर मात्र चांगली असते. मिगच्या टॉर्चमधला लायनर वायरीच्या भुकटीने चोंदलेला असतो, स्पूलचा ब्रेक आवळून ठेवलेला असतो, किंवा टीपमध्ये वायर वितळून बसलेली असते. मोटरला जोर लागला, तिने करंट जास्त ओढला, कार्डाने तो मोजला. ड्राइव्ह रोलवरचा दाबाचा खटका वर करून ट्रिगर दाबा. मोटर मोकळी फिरली आणि कोड आला नाही, तर दुखणं पुढे टॉर्चमध्ये आहे. या तपासणीला पैसा लागत नाही आणि मिनिटभरही जात नाही.

तापमानाच्या कोडचंही तसंच. दुपारी, सलग काम चालू असताना आला तर समजण्यासारखं आहे. पण सकाळी गार मशीनवर, पहिला रॉड लावायच्या आधीच आला तर? मशीन तापलेलं नाही हे हातालाही कळतं. हीटसिंकवरचा थर्मोस्टॅट बहुतेक ठिकाणी गार असताना जोडलेला आणि तापल्यावर तुटणारा असतो. त्याची वायर कनेक्टरमधून निसटली तरी कार्डाच्या दृष्टीने मशीन पेटलेलंच. कनेक्टर काढा, मीटरची बजर लावा. गार थर्मोस्टॅट वाजला पाहिजे. जिथे थर्मोस्टॅटऐवजी थर्मिस्टर असतो तिथे बजर उपयोगाची नाही, ओहममध्येच मोजावं लागतं. आणि थर्मोस्टॅट बाद निघाला तर तिथे वायरचा तुकडा जोडून मशीन गिऱ्हाइकाला परत देऊ नका. हा उद्योग सर्रास चालतो आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याची किंमत आयजीबीटी मोजतो.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर ड्यूटी सायकलबद्दल. मशीनच्या पाटीवर '६० टक्के, २०० ॲम्पिअर' असं असतं. त्याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं त्या करंटवर वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती, तीही ४० अंश तापमान धरून. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तिथे तेच मशीन पाटीवरचं वचन पाळू शकत नाही आणि पिवळा दिवा लागतो. तो बिघाड नाही. त्या वेळी एकच करायचं: मशीन बंद न करता तसंच ठेवायचं, म्हणजे पंखा फिरत राहतो. आपल्याकडे दिवा लागला की आधी स्विच बंद करतात. पंखा थांबतो, आतली उष्णता आत कोंडते आणि मशीन गार व्हायला दुप्पट वेळ घेतं.

सर्वांत जास्त पानं मी सप्लायला दिली आहेत. काही मित्रांना ते खटकलं; बिघाडाच्या पुस्तकात वायरिंग कशाला, असं त्यांचं म्हणणं. एक साधा हिशोब बघा. दहा नंबरचा रॉड १२० ॲम्पिअरवर चालवला तर आर्कचं व्होल्टेज सुमारे २५, म्हणजे तीन किलोवॅट बाहेर गेले. मशीनची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला तर सिंगल फेजवर आत २० ते २५ ॲम्पिअर येणार. आता साइटवर ३० मीटरची दीड चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन आहे. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स सुमारे ०.८ ओहम. २५ ॲम्पिअरला २० व्होल्ट वायरमध्येच संपले. सॉकेटवर २१० असतील तर मशीनला १९० मिळतात. शिवाय त्या वायरमध्ये ५०० वॉटची उष्णता तयार होते, आणि वायर गुंडाळलेली असेल तर इन्सुलेशन मऊ होऊन चिकटायला लागतं. इकडे मशीनवर व्होल्टेज कमी असल्याचा कोड, नाहीतर आर्क तुटक. मालक सांगतो, 'मी मीटर लावून बघितलं, २३० आहे.' बघितलं खरं, पण मशीन रिकामं असताना. करंट वाहत नसेल तर वायरमध्ये व्होल्टेज पडणारच नाही. एकाने रॉड लावायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मशीनच्या इनपुटवर मीटर धरायचा, असंच हे माप घ्यावं लागतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या बोर्डावरून सिंगल फेजची मशीनं वाटून दिलेली असतात आणि बोर्डातला न्यूट्रल लूज होऊन सुटतो. मग दोन फेजवरची दोन मशीनं एकमेकांच्या मालिकेत येतात आणि ज्याच्यावर भार कमी त्याच्या वाट्याला ४१५च्या जवळपासचं व्होल्टेज येऊ शकतं. आतले कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचे. ते फुगतात, फुटतात, शेडमध्ये बार उडाल्यासारखा आवाज होतो. अशा मशीनची दुरुस्ती करून पुन्हा त्याच बोर्डाला जोडण्याआधी न्यूट्रलची लिंक स्वतः आवळून या. कारण सापडलं नसेल तर नवे कपॅसिटर त्याच वाटेने जाणार.

दुसऱ्या टोकाला, आउटपुट बाजूला, दोष बहुतेक सांध्यांत असतो: केबलचं लग, मशीनचं सॉकेट, अर्थ क्लॅम्प. तिथे शंभरांश ओहमचा रेझिस्टन्स आला तरी २०० ॲम्पिअरला २ व्होल्ट जातात आणि ४०० वॉटची उष्णता त्या एका बोल्टवर जमते. साध्या मल्टिमीटरला शंभरांश ओहम मोजता येत नाही. म्हणून व्होल्ट मोजायचे. मीटरचं एक टोक मशीनच्या सॉकेटवर, दुसरं क्लॅम्पच्या जबड्यावर, आणि साथीदाराला रॉड लावायला सांगायचं. नंतर एकेक सांधा ओलांडत टोकं सरकवत न्यायची. जिथे आकडा एकदम उडी मारतो तो सांधा खोलायचा, पॉलिश पेपर मारायचा, आवळायचा. टिगवर हा प्रयोग करताना हाय फ्रिक्वेन्सी आधी बंद करा, नाहीतर मीटर जाईल.

इथेच आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. रॉड वेल्डिंगच्या मशीनला रिकाम्या स्थितीत ६० ते ८० व्होल्ट दिसतात; आयईसी ६०९७४-१ या मानकात डीसीसाठी वरची हद्द ११३ व्होल्टची आहे. पण व्हीआरडी असलेल्या मशीनवर तुम्हाला १५-२० व्होल्टच दिसतील. ते मशीन बिघडलेलं नाही. टाकीच्या आत, घामाने भिजून काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवलेलं असतं आणि रॉड टेकला की वर येतं.

पावसाळ्यातले बिघाड हे आपल्या हवामानाचं खास प्रकरण आहे. ग्राइंडरची लोखंडी धूळ वर्षभर पंख्याबरोबर आत ओढली जाते आणि कार्डावर, आयजीबीटीच्या पायांमध्ये, हीटसिंकच्या खाचांत बसते. उन्हाळ्यात ती कोरडी असते तोवर निभतं. जूनमध्ये, विशेषतः कोकणात, तीच धूळ ओलावा धरते आणि ३२५ व्होल्टला चालायला वाट मिळते. म्हणून साफसफाई मे अखेरीस. हवा मारताना कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढा, प्रेशर कमी ठेवा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

मग आयजीबीटी खरोखरच गेला असेल तर? तो भाग पुस्तकात मोठा आहे, आणि तिथे मी जरा कडक बोललो आहे. आयजीबीटी सहसा आपल्या मरणाने जात नाही. त्याला गेटकडून चुकीचा इशारा मिळतो, किंवा पुढचा डायोड शॉर्ट होतो, किंवा हीटसिंकची पेस्ट वाळून तो शिजतो. नुसता नवा घातला, स्विच टाकला की 'फट्', आणि नव्या पार्टचे पैसे गेले. म्हणून क्रम असा: आधी आउटपुटचे डायोड तपासायचे, मग गेटचे रेझिस्टर आणि झेनर. त्यानंतर मुख्य डीसी तोडून, कार्डाला बाहेरून सप्लाय देऊन, गेटवर १५ व्होल्टच्या आसपासचे स्वच्छ पल्स येतात का हे ऑसिलोस्कोपवर बघायचं. शेवटी मेन देताना मालिकेत शंभर वॉटचा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, आणि बल्बाने तुमचे आयजीबीटी वाचवले. हा बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडीने हे काम होत नाही. तारेचे बल्ब दुकानांतून आटत चालले आहेत, तेव्हा मिळतील तिथे चार-दोन घेऊन ठेवा.

हे सगळं करायच्या आधी एक काम सक्तीचं आहे. प्लग काढला म्हणजे मशीन मेलं असं नाही. कपॅसिटर भरलेले राहतात. त्यांना रिकामं करणारे रेझिस्टर आत असतात खरे, पण तेच उघडे पडलेले असतील तर तासाभराने झाकण काढलं तरी ३०० व्होल्ट वाट बघत असतात. आधी मीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरच्या टोकांवर मोजा. व्होल्टेज असेल तर काही किलोओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरला लावून टेकवा आणि आकडा उतरताना बघा: ३००, २००, ९०, ३०. तो दहाच्या खाली आल्याशिवाय आत हात नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर उतरवण्याची जी मर्दानी रीत आहे, तिने कपॅसिटर आणि डोळे दोन्ही जातात.

पुस्तकाचा क्रम मशीनच्या वाटेचाच आहे: सॉकेट, केबल, ब्रिज, सॉफ्ट स्टार्ट, आयजीबीटी, आउटपुट, आणि सर्वांत शेवटी कार्ड. कार्ड शेवटी ठेवलं ते मुद्दाम. आयटीआयच्या विद्यार्थ्याला पहिली तीन प्रकरणं पुरेशी आहेत. शेडच्या मालकानेही तेवढी वाचली तरी टेम्पोचं भाडं वाचेल. स्पॉट वेल्डिंग, लेसर आणि रोबो यांना इथे जागा दिलेली नाही, त्यांची तपासणी वेगळ्या वाटेने जाते. वॉरंटीतलं मशीन उघडू नका. सील तुटलं की कंपनी हात वर करते, आणि त्यात तिचं चुकत नाही. मात्र सर्किटचा नकाशा मागितल्यावर न देणाऱ्या कंपन्यांबद्दल मला तेवढी सहानुभूती नाही. शेवटी कोडचे तक्ते दिले आहेत, कंपनी आणि मॉडेलप्रमाणे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत अर्थ बदलतो, म्हणून पाटीवरचा मॉडेल नंबर आधी वाचा, आणि तक्ता व मशीनचं मॅन्युअल यांत फरक दिसला तर मॅन्युअल धरून चाला.